बापाला अठ्ठेचाळीस, आईला बावीस

एप्रिल महिन्यात, भर दुपारी, कळमनुरीजवळच्या डोंगरकडा नावाच्या गावात पत्र्याच्या खोलीची दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून आणि चारी भिंतींना गोधड्या टांगून आत माणसं बसली आहेत म्हटल्यावर कुणालाही वाटेल, घरात कुणाला तरी हुडहुडी भरली आहे. तसं काही नव्हतं. खिल्लारेंच्या घरी रेकॉर्डिंग चाललं होतं.

रेकॉर्डिंग करणारा होता घरातला मोठा मुलगा प्रज्ञेश. वय चोवीस. त्यानं नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणि एक माइक आणला होता, आणि कॉम्प्युटरवर आईनं विणलेला जाळीचा रुमाल घातला होता. ज्यांचं रेकॉर्डिंग चाललं होतं ते त्याचे वडील ग्यानोबा. ग्यानोबांनी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केली. पाटकरी म्हणजे कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी पेटी काढून भीमगीतं म्हणायची, असा त्यांचा क्रम. गीतं स्वतःच लिहायचे. शेजारी ढोलकीला त्यांचा जिवाभावाचा मित्र सटवाजी, मागे कोरसला बायको कमलबाई आणि सटवाजीची बायको बेबीबाई. एवढाच संच. पण चौदा एप्रिलचा कार्यक्रम म्हटलं की गावात तीस वर्षं दुसरं नाव निघालं नव्हतं.

यंदा, म्हणजे दोन हजार पाच साली, निघालं. जयंती मंडळाचा अध्यक्ष विकास घरी येऊन गेला. पोरगा मोठा नम्र, म्हणून जास्त लागलं.

"काका, औंदा लाइव्ह न्हाई ठिवलं. मोठा ट्रक येऊन राहिला, त्याच्यावर स्पीकर. तुमी सीडी द्या. पयलं गाणं तुमचंच लावतो."

"अन् सीडी न्हाई दिली तर?"

"तर मंग..." विकास चप्पल शोधत म्हणाला, "बाकीच्या सीड्या हायेतच की."

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती ग्यानोबांना ठाऊक होती. हिवाळ्यात त्यांना खोकला झाला होता. दोन महिने गाणं बंद. तेवढ्यात गावात बोललं गेलं की ग्यानोबाचा आवाज गेला. विकास ते तोंडानं बोलला नाही, इतकंच. म्हणून ही सीडी. ट्रकवरून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगायचं होतं, की गेलेला नाही, आहे.

गाणंही नवं होतं, कालव्यावरच्या तीस वर्षांतून आलेलं:

एका मापानं वाटा पाणी, एका मापानं मान,
कुणी न राहो कोरडा मागं, एवढंच ठेवा भान.

आता माइक एकच, आणि सटवाजीची ढोलकी त्याच्यासमोर वाजली की बाकी जगात काही वाजतच नाही. त्यामुळे प्रज्ञेशनं ठरवलं, वेगवेगळं रेकॉर्ड करायचं आणि मग कॉम्प्युटरमध्ये एकावर एक बसवायचं. पहिल्या दिवशी ग्यानोबांची पेटी आणि सटवाजीची ढोलकी. ती कॅसेटवर उतरवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ग्यानोबांनी प्रज्ञेशच्या बहिणीचा, म्हणजे राणीचा, वॉकमन कानाला लावून ती कॅसेट ऐकत नुसतं गायचं. युक्ती उत्तम होती. यात काही चूक नव्हती.

चूक पुढे आहे. लाल गोल बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी एक प्रश्न विचारायचा: रेट किती? आणि खाली आकडे दाखवायचा. अठ्ठेचाळीस हजार, चव्वेचाळीस हजार शंभर, बावीस हजार पन्नास, असे उतरत उतरत. प्रज्ञेशनं कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यात त्याला अर्ज लिहायला आणि वाढदिवसाचं कार्ड काढायला शिकवलं होतं. या आकड्यांचं कुणी नावही काढलं नव्हतं. त्यानं नांदेडच्या दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जितना बडा नंबर, उतना बढिया आवाज. लेकिन जगह खाता है, देख के डालना."

देख के डालना! झालं. प्रज्ञेशनं देखून टाकलं. संस्कारी पोरगं ते. पेटी-ढोलकी ही वाद्यं, त्यांना मधला आकडा पुरे, म्हणून चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी बाबा गायला बसले तेव्हा त्याचं बोट आपोआप सगळ्यात वर गेलं. बापाचा आवाज, तिथं काय कंजुषी करायची? अठ्ठेचाळीस. लग्नात वडीलधाऱ्यांना खुर्ची आणि बाकीच्यांना सतरंजी देतात, तितक्या सहज त्यानं हे केलं. पोराची नियत साफ होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला नावं ठेवाल.

ग्यानोबा त्या दिवशी सुरेख गायले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण आवाज मोकळा होता. गाणं संपल्यावर कान मोकळे करत ते राणीला म्हणाले, "बघितलं? खोकला गेला, आवाज हाय." राणीनं पंख्याचं बटण दाबलं. सटवाजी आणि बेबीबाई बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांना आत बोलावलं. कमलबाईंनी चहा आणला: ग्यानोबांना मोठ्या स्टीलच्या ग्लासात, सटवाजींना कपात, आणि उरलेला बेबीबाईंना आणि स्वतःला बशीत. प्रज्ञेशनं दोन्ही रेकॉर्डिंगं एकाखाली एक बसवली आणि मोठ्या थाटात बटण दाबलं.

पेटी वाजली. ढोलकी उठली. आणि मग ग्यानोबांचा आवाज आला, पण कसा? जेवून तडस लागलेल्या माणसाला गायला बसवावं तसा. जड, खाली बसलेला, ओढत ओढत चाललेला. "एका मापानं" म्हणेपर्यंत ढोलकी पुढच्या शब्दावर पोचली. दुसऱ्या ओळीला तर गायक एका गावात आणि ढोलकी दुसऱ्या गावात. शिवाय आवाज पेटीच्या सुरात बसेना. पेटी तर ग्यानोबांनी स्वतःच वाजवलेली!

ग्यानोबांनी ग्लास खाली ठेवला.

"सटवा, तू पळून राहिलास."

"म्या?" सटवाजींच्या हातातला कप थांबला. "तीस वर्षांत कधी पळालो का म्या?"

"मंग हे काय हाय? ऐक की. ढोलकी पुढं, म्या मागं."

"म्या जागच्या जागी हाय. तूच मागं पडून राहिलास. झोप आल्यावानी गायलास!"

"झोप? मला?"

"न्हाई तर काय! आजारपणातून उठला, घरी बसायचं सोडून..." सटवाजी एवढं बोलून गेले आणि थांबले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ग्यानोबा उठून उभे राहिले. "म्हंजे तूबी त्यातलाच. सांग की सरळ, ग्यानोबाचा आवाज गेला म्हणून!"

"म्या तसं न्हाई म्हणलो!"

"न्हाई, तूच म्हणलास!"

दोन्ही बायका मध्ये पडेपर्यंत सटवाजींनी ढोलकी काखेत मारली आणि ते दारातून निघून गेले. चहा अर्धाच राहिला. बेबीबाई मात्र बसून राहिल्या. "त्यांचं भांडण त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या, "म्या माझा चहा पिऊनच जाईन."

ढोलकीला बोल लावणं सोपं होतं. पण पेटीचं काय करणार? रात्रीत काही पेटीचे सूर चढत नाहीत. पेटी जागेवर आणि आपण खाली, याचा अर्थ ग्यानोबांना बरोबर कळला होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचं काम आहे असं सांगून ते कळमनुरीला गेले आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडून बसले.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला. "काही नाही हो. घसा एकदम ठणठणीत आहे."

"आवाज खाली गेलाय, साहेब. अर्धा-पाऊण सूर."

"माझ्याशी तर चांगले बोलताय."

"बोलताना न्हाई जात. रेकॉर्ड केल्यावर जातो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

परत आल्यावर प्रज्ञेशला उपाय सुचला. तरुण माणसाला उपाय फार लवकर सुचतात. "बाबा, आवाज खाली येऊन राहिला ना? मंग तुमी वर लावा. अन् मागं पडून राहिला, तर घाईनं म्हणा. आपोआप बराबर होईल." दारं लागली, पंखा बंद झाला, गोधड्या हलल्या. ग्यानोबा आपल्या नेहमीच्या काळी दोन या पट्टीच्या वर चढून, शेवटची गाडी सुटत असल्यासारखे गायले. तिसऱ्या ओळीला त्यांना ठसका लागला. बटण चालूच होतं.

ऐकताना गाणं कुठं पुढे होतं, कुठं मागे. पण खरा घात केला तो खोकल्यानं. तोही अठ्ठेचाळीसनंच रेकॉर्ड झाला होता, त्यामुळे तोही जड होऊन आला. गोठ्यात रेडा खोकावा तसा. स्वतःचा तो खोकला ऐकून ग्यानोबांची उरलीसुरली उमेद संपली.

त्यांनी पेटीचा भाता बंद केला, तिच्यावर कापड टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले. कमलबाई भाकरी थापत होत्या.

"कमल, विकासला निरोप धाड. लाव म्हणावं दुसऱ्या सीड्या."

"काहून?"

"आवाज गेला माझा."

कमलबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षांत या माणसाचं तोंड त्यांनी असं पाहिलं नव्हतं. पाण्यावरून लोक कुऱ्हाडी घेऊन आले होते तेव्हाही नाही. "कुटं गेला?" त्या म्हणाल्या. "आता कशानं बोलून राहिले मंग?"

"बोलायचा न्हाई गं. गायचा."

"सकाळी पोराला रागं भरले, तवा पलीकडच्या गल्लीतली बेबी दचकली. त्यो आवाज कोणाचा व्हता?"

पण ग्यानोबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

जयंतीला आता तीन दिवस उरले. विजेचा तर पत्ताच नसायचा. दुपारी बारा ते चार काय ती यायची. प्रज्ञेशला बापाचं तोंड बघवेना. त्यानं आणखी एक उपाय काढला: आईचा, बेबीमावशीचा आणि राणीचा कोरस भरपूर वाजवायचा, म्हणजे बाबांचा आवाज त्याच्याखाली झाकला जाईल. बायका गोधड्यांमध्ये बसल्या. कमलबाईंनी वॉकमन लावला, त्यांनी हात वर केला की बाकीच्या दोघींनी सुरू व्हायचं. प्रज्ञेशनं आकड्यांकडे बघितलं. कॉम्प्युटरमध्ये जागा संपत आली होती. आणि कोरस तर काय, दोन ओळी आणि टाळ्या. त्याचं बोट खाली खाली गेलं आणि बावीसवर थांबलं.

लावून बघितलं तर स्पीकरमधून चिमण्या बाहेर पडल्या! "एका मापानं एका मापानं" अशी चिवचिव झाली आणि गाणं अर्ध्यात यायच्या आत कोरस संपूनही गेला. टाळ्या अशा, की गरम तव्यावर पाणी शिंपडलं. बेबीबाई हसून हसून भिंतीवरच्या गोधडीला धरून खाली बसल्या, आणि गोधडी त्यांच्या अंगावर आली. राणी हसली. दारात जमलेली गल्लीतली लेकरं हसली. प्रज्ञेशसुद्धा हसला.

कमलबाई हसल्या नाहीत.

"लाव पुन्यांदा," त्या म्हणाल्या. पुन्हा लागलं. "हा आमचा आवाज न्हाई."

"आई, तुमचाच हाय. मशीनमधी असाच येतो."

"येड्या, ऐकून घे. त्यांचा आवाज जाडा झाला. त्यांना खोकला झालता, म्हणून आपण म्हणलो आजारपण. बरं, आमचा काहून बारीक झाला? आमाला काय झालतं? तिघींना एकदम?" त्यांनी बोटांवर मोजलं. "अन् ढोलकी हाय तशीच. पेटी हाय तशीच. त्यांना काही न्हाई झालं. मंग बिघाड माणसात हाय का तुझ्या मशीनमधी?"

कमलबाई अंगणवाडीत मदतनीस. रोज सत्तर लेकरांना खिचडी वाढायची. कुठे कमी पडली, कुठे उरली, ते पातेल्याकडे एक नजर टाकून त्यांना कळायचं.

"बटण दाबताना त्ये काय इचारतं तुला?"

"रेट."

"त्यांच्या वक्ताला किती टाकला?"

"अठ्ठेचाळीस हजार."

"ढोलकीला?"

"चव्वेचाळीस."

"अन् आमाला?"

प्रज्ञेश खुर्चीत जरा सरकला. "आई, कोरसला जास्त लागतच न्हाई..."

"किती?"

"बावीस."

खोलीत पंखा बंद होता, पण गारवा आला. बेबीबाईंचं हसणं थांबलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "अर्ध्याहून खाली!"

"बापाला अठ्ठेचाळीस, आईला बावीस," कमलबाई शांतपणे म्हणाल्या. "काहून रे?"

दुकानदारानं असं सांगितलेलं नव्हतं. कोर्समध्ये असं शिकवलेलं नव्हतं. तो कुणालाच न विचारता हे कुठून शिकला, ते त्यालाच कळेना, आणि त्याचे कान लाल झाले.

"आता एक कर," आई म्हणाली. "तूच बोल त्याच्यात. एक, दोन, तीन म्हण. पयले अठ्ठेचाळीसला, मंग चव्वेचाळीसला, मंग बावीसला. अन् आपण जसं लावलं तसंच लाव."

प्रज्ञेशनं तीनदा "एक, दोन, तीन" म्हटलं आणि ढोलकीच्या रेकॉर्डिंगखाली तिन्ही ओळीनं बसवून बटण दाबलं. आधी एक पोक्त, जडावलेला प्रज्ञेश बोलला. मग रोजचा प्रज्ञेश बोलला. मग दुधाचे दात न पडलेला एक प्रज्ञेश भर्रकन बोलून गेला. एकच पोरगा, आणि तीन वयं.

"थांब, थांब," प्रज्ञेश स्वतःशीच म्हणाला. त्याला आता दिसायला लागलं होतं. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक तुकडे करून ठेवतो. एका सेकंदाचे किती तुकडे, तर तो आकडा. पहिल्या दिवशी ढोलकीचा चव्वेचाळीस लावला, तेव्हापासून मशीन सगळ्यांचेच तुकडे चव्वेचाळीस हजारांच्या हिशेबानं वाजवत होतं.

"म्हंजे वाटी झाली ती," कमलबाई म्हणाल्या. "सेकंदाला तू त्यांचं भरून ठिवलं अठ्ठेचाळीस वाट्या, अन् वाढून राहिलं चव्वेचाळीस. मंग पंगत लांबणारच. आमचं ठिवलं बावीस अन् वाढून राहिलं चव्वेचाळीसनं, मंग पातेलं अर्ध्यात रिकामं. एवढं साधं हाय. भरायची अन् वाढायची वाटी एकच पायजे, न्हाई तर सत्तर लेकरांत रोज मारामारी व्हईल."

स्वयंपाकघराच्या दारात ग्यानोबा कधी येऊन उभे राहिले होते कुणाला कळलं नाही. "म्हंजे," त्यांनी विचारलं, "माझा घसा?"

"बाबा, तुमचा घसा बराबर हाय. माझा आकडा चुकला."

ग्यानोबांनी एकदा पोराकडे, एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं. आता ओरडतील असं वाटलं, पण त्यांचे डोळे भरून आले. गड्याला ते लपवता येईना म्हणून त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "सटवाकडं जाऊन येतो," म्हणाले आणि भर उन्हात निघाले. प्रज्ञेश मागोमाग पळाला, कारण सगळं समजावून सांगायला तोच लागणार होता.

सटवाजी ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सटवा, तू पळाला न्हाईस."

"मला म्हाईत हाय."

"अन् म्या मागं पडलो न्हाई. मशीनमधी रेट चुकलेला व्हता. पोरानं मला अठ्ठेचाळीस टाकला."

"अन् मला?"

ग्यानोबांनी पोराकडे बघितलं. पोरानं जमिनीकडे. "चव्वेचाळीस," प्रज्ञेश म्हणाला.

ढोलकीच्या दोऱ्या सुटल्या. "तुला अठ्ठेचाळीस अन् मला चव्वेचाळीस? तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसून राहिलो अन् चार हजार कमी?"

"तीन हजार नऊशे, काका," प्रज्ञेश मध्येच म्हणाला.

"तू गप!" दोघेही एकदम ओरडले. एवढ्यावरच खरं म्हणजे निम्मं भांडण मिटलं.

"आता असं करू," ग्यानोबा मोठेपणानं म्हणाले. "सगळ्यांना अठ्ठेचाळीस. तुलाबी, बायांनाबी. झालं?"

"तसं न्हाई व्हत बाबा," प्रज्ञेश म्हणाला. "सीडी चव्वेचाळीसचीच असती. सीडीत दुसरा आकडा चालतच न्हाई. सटवाकाकांचं हाय तेच बराबर हाय. बायांना वर चढवावं लागंल. अन् तुमाला..."

"मला काय?"

"तुमाला खाली यावं लागंल."

ग्यानोबा ओट्याच्या कडेला टेकले. तुम्हाला सांगतो, एका मापानं मान, हे त्यांनीच लिहिलं होतं, आणि खोटं लिहिलं नव्हतं. पण ते लिहिताना कुणी तरी वर येणार एवढंच त्यांच्या डोळ्यापुढे होतं. आपल्याला एखादी पायरी उतरावी लागेल, ही बाजू गाण्यात आलीच नव्हती. "आवाज कमी व्हईल का माझा?" त्यांनी हळूच विचारलं.

"कानाला काही फरक कळणार न्हाई."

"मंग तू मला अठ्ठेचाळीस कशापायी दिला व्हता रे?"

"मान म्हणून," प्रज्ञेश म्हणाला.

सटवाजी हसायला लागले. दोऱ्या टाकून, मांडीवर हात मारून हसले. थोड्या वेळानं ग्यानोबांनाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाराला वीज आली आणि खिल्लारेंची दारं शेवटची लागली. सटवाजींचं काम आधीच झालेलं होतं, तरी ते आत येऊन बसले आणि मांडीवर बोटानं, आवाज न करता, ताल धरून राहिले. प्रत्येक वेळी लाल बटण दाबायच्या आधी सगळे स्क्रीनपुढे वाकून आकडा बघत. ग्यानोबा गायले. मग बायका गायल्या. कमलबाईंनी या वेळी वॉकमन राणीकडे दिला. "मला नगं," त्या म्हणाल्या, "मला चाल पाठ हाय." चार वाजता वीज गेली तेव्हा सीडी तयार होती, आणि सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

चौदा एप्रिलला विकासनं शब्द पाळला. निळे झेंडे लावलेला ट्रक विहारापासून निघाला तेव्हा पहिलं गाणं ग्यानोबांचंच लागलं. पांढराशुभ्र शर्ट घालून ग्यानोबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पेटी आली, ढोलकी आली, आणि त्यांचा आवाज आला, मोकळा, जागच्या जागी, पेटीत चपखल बसलेला. त्यांनी श्वास सोडला. आता लोक येतील आणि म्हणतील.

लोक आलेही. पहिला आला विकासच. "काका, गाणं एक नंबर! पर ती मागून उचलून धरती ती बाई कोण हो?"

"घरचीच हाय," ग्यानोबा म्हणाले.

मग शाळेचे मास्तर आले. "खिल्लारे, कोरस काय सुंदर आहे! नांदेडहून बोलावलं का कुणाला?"

"न्हाई न्हाई. घरचीच."

तिसरा, शिरड शहापूरहून आलेला पाहुणा, थेट म्हणाला, "त्या बाईला अजून एखादं कडवं द्यायचं की राव." ग्यानोबांच्या घशाबद्दल, खोकल्याबद्दल, गेलेल्या आणि परत आलेल्या आवाजाबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. तो आहेच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

ट्रक वळणावर गेल्यावर ग्यानोबांनी प्रज्ञेशचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं.

"खरं सांग. रागं भरणार न्हाई. तुझ्या आईला गुपचूप अठ्ठेचाळीस टाकला का?"

"न्हाई बाबा! सगळ्यांना चव्वेचाळीसच. तुमी सोता वाकून पाहिला की."

"बराबर चव्वेचाळीस?"

"बराबर. जेवढा तुमाला, तेवढाच तिला."

मिरवणुकीत बायकांच्या ओळीत पांढऱ्या साडीतल्या कमलबाई कुणाच्या तरी लेकराच्या नाकाला पदर लावत चालल्या होत्या. ट्रकवरून त्यांचाच आवाज येत होता, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ग्यानोबा बराच वेळ बघत राहिले.

"मंग ती तीस वर्षं अशीच गात असंल रे," ते म्हणाले. "माझ्या पाठीमागं बसून. अन् मला आपला माझाच आवाज ऐकू यायचा."